पिन्न्यांचा डबा

गुडगावच्या त्या कंपनीत मी आता नाही. पण तिथल्या एका जुन्या मैत्रिणीनं परवा एक फोटो पाठवला. फोटोत स्टीलचा डबा होता, त्याला लोकरीची फीत बांधलेली, झाकणावर पाहुण्याच्या नावाची अक्षरं कोरलेली. आर्क्टिकच्या प्रत्येक सहलीत आता असा डबा देतात म्हणे. आत दिल्लीतल्या महागड्या हलवायाच्या पिन्न्या, म्हणजे पंजाब्यांचे थंडीतले कणकेचे लाडू. तो डबा नॉर्वेच्या उत्तर टोकाला एखाद्या आजीबाईला नेऊन द्यायचा, आणि निघताना ती तो चॉकलेटांनी भरून परत करते. चॉकलेटंही कंपनीच पुरवते, शाकाहारी असल्याची खात्री करून. मैत्रिणीनं खाली लिहिलं होतं, 'आपकी वाली स्टोरी, हिट हो गई!' मी फोन उलटा ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन उभी राहिले.

मूळ डबा कुणाचा होता आणि त्यात काय होतं, हे मला माहीत आहे. म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या कार्डावर 'एक्सपीरियन्स डिझायनर' असं छापलेलं असे. माझी आई रत्नागिरीला शेजारणींना सांगायची, "ती दिल्लीत बसून लोकांना बर्फात पाठवते." याहून नेमकं वर्णन मलाही कधी जमलं नाही. नोव्हेंबर लागला की ऑफिसच्या काचेतून समोरची इमारत दिसेनाशी व्हायची. आत हवा शुद्ध करणारी यंत्रं घरघरत असायची, मीटिंगच्या खोलीत देवदाराच्या वासाचा फवारा मारलेला असायचा, आणि आम्ही पाहुण्यांना 'पृथ्वीवरची शेवटची स्वच्छ हवा' विकायचो. त्यांचे ड्रायव्हर खाली गाड्यांपाशी खोकत उभे असत. काचेला नाक लावलं तर तेवढे दिसत.

आणि ते पाहुणे! एकाला नॉर्दर्न लाइट्स बायकोच्या वाढदिवशी, केक कापतानाच हव्या होत्या. आकाश ढगाळ निघालं तर तुमची जबाबदारी काय, असं त्यानं मला डोळ्यांत डोळे घालून विचारलं. एकाला हिमनदीचा तुकडा तोडून हवा होता, व्हिस्कीत घालायला. "हज़ारों साल पुरानी बर्फ़ है ना?" असं म्हणताना त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी पाहिलं आहे. एका नवरदेवाला घोडीऐवजी रेनडिअरवर बसून वरात काढायची होती. जनावर माणसाला पाठीवर घेत नाही, असं तिथल्या रेनडिअर पाळणाऱ्यानं कळवलं, तर नवरदेवाचे वडील म्हणाले, "उसको बोलो, अपना रेट बताए." मी हसून मान डोलवायची. घरी आल्यावर मात्र गाल दुखत असत.

या धंद्यात सगळ्यात जास्त भाव असतो तो 'सहज' घडणाऱ्या गोष्टीला. श्रीमंत माणसाला हॉटेलचा कंटाळा आलेला असतो. त्याला वाटतं, परक्या गावात कुणीतरी आपल्याला ओळखपाळख नसताना घरात घ्यावं. म्हणून आम्ही ते घडवून आणायचो. खाडीकाठचं एक छोटं मासेमारीचं गाव शोधलं होतं. तिथे लाल रंगाच्या लाकडी घरात एक विधवा आजी एकटी राहायची. आमचा तिथला वाटाड्या पाहुण्यांना बर्फातून फिरवायचा, मग जरा थांबून म्हणायचा, "अरे, इथे चुलीचा धूर दिसतोय." तेवढ्यात दार उघडायचं. आजी दारात उभी. आत टेबलावर कॉफी आणि गरम वॉफल. अर्ध्या तासानं पाहुणे डोळे पुसत बाहेर पडायचे. वाटाड्याचं वाक्य मीच लिहिलं होतं, आणि धूरसुद्धा मीच ठरवून दिलेला.

गेल्याच्या गेल्या फेब्रुवारीत दिल्लीतल्या छतरपूरच्या एका फार्महाउसमधलं कुटुंब या सहलीला गेलं. मोठा कारखानदार, त्याची बायको, मुलं, आणि त्याची आई. आईला घरात सगळे बीजी म्हणत, म्हणून मीही बीजी म्हणू लागले. कुटुंब 'खास' असल्यामुळे मला सोबत पाठवलं होतं. बीजी पक्क्या शाकाहारी. अंडं घातलेल्या केकचा घास चुकून तोंडात गेला तर विमानतळावर चूळ भरणाऱ्या. त्यांच्या पिशवीत स्टीलचा एक डबा होता, स्वतः वळलेल्या पिन्न्यांचा. मुलगा वैतागला होता, "बीजी, वहाँ सब मिलता है." बीजी म्हणाल्या, "किसी के घर जाना पड़ा तो? खाली हाथ जाऊँ?"

धूर दिसला, दार उघडलं, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मुलगा आणि सून फोन वर धरून चित्रण करू लागले. पण त्या आजीनं ठरलेलं काही केलंच नाही. तिनं आधी बीजींच्या पायांकडे बघितलं. मोजे ओले झाले होते. तिनं बीजींना खुर्चीत बसवलं, स्वतः खाली बसून ते मोजे काढले, पाय पंच्यानं पुसले आणि आपले लोकरीचे मोजे त्यांना घातले. बीजींचा जीव संकोचानं अर्धा झाला, कारण आपल्याच वयाच्या बाईनं आपल्या पायांना हात लावावा हे त्यांना सोसवेना. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि पिन्नी थेट तिच्या तोंडात घातली. मग दोघी हात हातात धरून बसल्या. एकीला नॉर्वेजियनशिवाय काही येत नव्हतं, दुसरीला पंजाबीमिश्रित हिंदीशिवाय. तरी बोलणं चाललं होतं. अर्ध्या तासाचा दीड तास झाला आणि आमचा वाटाड्या माझ्याकडे बघून घड्याळ दाखवू लागला. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

निघताना आजी आत गेली आणि डबा घेऊन आली. झाकण घट्ट लावलेलं. बीजींनी तो हातात तोलला आणि माझ्याकडे वळून विजयानं म्हणाल्या, "देखा? खाली नहीं लौटाया!"

हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. मला एकदम घरची आठवण झाली. आमच्याकडेही शेजारचा डबा रिकामा परत जात नाही. काही नसलं तर आई चिमूटभर साखर तरी घालते.

गाडीत बसल्यावर बीजींनी झाकण उघडलं, आणि सूनबाई किंचाळली. आत वाळवलेला मासा होता. त्या भागात कॉड मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून वाऱ्यावर सुकवतात, त्याचे लांबट, फळकुटासारखे तुकडे. आजीच्या घरात देण्यासारखी सगळ्यात चांगली वस्तू तीच असणार. नातवंडं नाक धरून ओकाऱ्या काढायचं नाटक करू लागली. मुलगा म्हणाला, "फेंको इसे, यार!" सूनबाईनं खिडकी उघडली. बीजींचा स्वतःचाही चेहरा पिळवटला होता. पण त्यांनी झाकण लावलं, डबा शालीत गुंडाळला आणि मांडीवर घट्ट धरून बसल्या.

त्या मोज्यांचं आणि पिन्नीचं चित्रण मुलानं सगळीकडे फिरवलं. लोक गहिवरले. त्याच्या धंद्यातले भागीदार म्हणाले, आम्हालाही न्या. म्हणून पुढच्या हिवाळ्यासाठी त्यानं भागीदारांसकट मोठी सहल ठरवली आणि बीजींना मध्यभागी ठेवलं. दोन आज्यांची पुनर्भेट, कॅमेऱ्यासमोर. बीजींना बर्फाचं, आकाशातल्या उजेडाचं, भागीदारांचं काही नव्हतं. त्यांचं एकच म्हणणं होतं, "उसके पास डब्बा ले जाना है." वर्षभर त्या हेच घोकत होत्या.

दिवाळीच्या आधी आमच्या वाटाड्याचा फोन आला. आजी गेली होती, झोपेतच. तिच्या मुलीनं घराला कुलूप लावलं होतं आणि यापुढे पाहुणे नकोत म्हणून सांगितलं होतं.

मी बॉसकडे गेले. ती हळहळली, खरंच हळहळली, साधारण एका श्वासापुरती. मग म्हणाली, "ओके, तो रिप्लेसमेंट देखते हैं." मला आधी कळलंच नाही. ती समजावू लागली की तिथे लाल घरं पुष्कळ आहेत, बर्फात सगळी सारखीच दिसतात. दुसरी एखादी आजी बघू. पहिली मुलीकडे राहायला गेली आणि ही तिची बहीण, एवढं सांगायचं. "डार्लिंग, लग्ज़री में डेथ नहीं होती," असं ती म्हणाली, आणि ते वाक्य तिला इतकं आवडलं की तिनं ते पुन्हा म्हटलं.

मुलाला तरी कळवायला हवं म्हणून त्याला फोन लावला. वाटलं, त्याला वाईट वाटेल. तो म्हणाला, "बीजी को बिल्कुल मत बताना. पता चला तो जाएँगी ही नहीं, और पार्टनर लोग तो वही देखने आ रहे हैं." मग जरा थांबून, हसत, "अरे, आपके पास दूसरी बुढ़िया नहीं है क्या?"

त्या हसण्याची मला अजून शिसारी येते. रागावणं सोपं असतं, रागाला वाचा फुटते. ही नुसती घाण होती, बोटांना लागलेली. मी फोन ठेवून हात धुतले, साबण लावून.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो मानेसरला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. कंपनीच्या बसनं दमून येतो, तरी सगळं ऐकून घेतो. तो म्हणाला, "अगं, सांगून टाक ना त्या म्हातारीला. त्यात काय एवढं?"

"नोकरी जाईल."

"जाईल बहुतेक," तो म्हणाला. "पण तू जेवत नाहीयेस यार, ते बघ आधी."

तरी मी काही ठरवलं नाही. दिवस गेले, तिकिटं निघाली, नवी आजी ठरली. तिचा फोटो आला तेव्हा बॉस म्हणाली, ही जास्त गोड दिसते.

जानेवारीत मी छतरपूरला गेले, बीजींच्या मापाचे बर्फातले बूट घेऊन. निघण्याआधी प्रत्येक पाहुण्याला घरी जाऊन बूट-कपडे घालून बघायला लावायचे, अशी आमची पद्धत होती. बाहेर धुरकं इतकं दाट होतं की फाटकापासून घर दिसत नव्हतं. सून खालच्या बैठकीत माणसांना फुलदाण्यांच्या जागा दाखवत होती. तिनं मला वर जायची खूण केली आणि नाक मुरडून म्हणाली, "उनके कमरे में स्मेल आती है, प्लीज़ डोंट माइंड."

जिन्यातच मला तो वास आला आणि मी थबकले.

तो माझा वास होता. विद्यापीठात शिकत असताना मी दिल्लीतल्या मुनिरकात खोली घेऊन राहायचे. आईनं पाठवलेलं सुकट एकदा तव्यावर परतलं, तर घरमालकीण काठी घेऊन वर आली, तिला वाटलं उंदीर मेलाय. मेलेलं नाही, मी खाते आहे, असं कळल्यावर तिनं जिना फिनाइलनं धुवून घेतला आणि पुढे वर्षभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. त्यानंतर दिल्लीत मी सुकी मासळी कधी घरात आणली नाही. आणि आता छतरपूरच्या संगमरवरी जिन्यात, एका कडक शाकाहारी बाईच्या खोलीतून तोच वास येत होता.

बीजी पलंगावर मांडी घालून पिन्न्या वळत होत्या. समोर परातीत तुपात भाजलेली कणीक, डिंक, बदामाचे काप. खिडकीच्या कट्ट्यावर तो डबा, झाकण उघडून उन्हाकडे ठेवलेला, ऊन नसतानाही.

"धूप दिखाती हूँ," त्या म्हणाल्या. "बारिश में सीलन आ गई थी. फिर रोज़ छत पर रखा. चीलें आती थीं, तो डंडा लेकर बैठती थी."

पावसाळ्यात डब्यात ओल शिरली म्हणून ही बाई त्यानंतर रोज गच्चीत काठी घेऊन माशाला घारींपासून राखत बसली होती. कशासाठी, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "खा सकती नहीं. फेंक दूँ तो उसकी बेइज़्ज़ती. वहाँ जाकर उसी से कहूँगी, बहन, माफ़ कर, मैं यह नहीं खाती. तू मेरे सामने खा ले, मैं देखूँगी." मग पिन्नी वळता वळता, "वो ठीक तो है ना? पिछली बार हाथ काँपता था उसका."

मी बूट हातात धरून उभी होते. मला वाटलं होतं की अशा वेळी शब्द जुळवावे लागतील. पण त्या वासात खोटं बोलणं मला शक्यच नव्हतं.

"बीजी, वो नहीं रहीं."

त्यांनी हातातली पिन्नी पुरती गोल केली, ताटात ठेवली. मग हात ओढणीला पुसले.

"कब?"

"दिवाली से पहले."

"तो यह लोग मुझे किससे मिलाने ले जा रहे हैं?"

तेही सांगितलं. घर दुसरं, बाई दुसरी, बहीण म्हणून. बीजींनी परात बाजूला सारली. मग आपल्याच मुलाबद्दल एक शब्द उच्चारला, तो मी इथे लिहीत नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्या पुसत नव्हत्या. मलाही आता थांबता येईना. मी म्हटलं, पहिली भेटही आम्हीच घडवून आणली होती. धूर, दार, सगळं.

"पता है," बीजी म्हणाल्या. "बूढ़ी हूँ, बेवकूफ़ नहीं हूँ. अचानक आए मेहमानों के लिए कोई गिनके प्याले लगाकर बैठता है?" त्यांनी नाक ओढलं. "मेरा रिश्ता भी ऐसे ही हुआ था. मंदिर में अचानक मिले थे, दोनों घरवाले महीने भर से तैयारी कर रहे थे. फिर भी उम्र भर निभाया. मिलवाया किसी ने भी हो, पुत्तर, डब्बा तो उसने ख़ुद भरा था."

मग त्यांनी डबा कट्ट्यावरून उचलला आणि आम्हा दोघींच्या मध्ये ठेवला. लांब धरून, चेहरा वाकडा करून. वर्षभर राखूनही त्यांची किळस तसूभर कमी झाली नव्हती.

"तू खाती है ना? तुम समंदर वाले हो."

"खाती हूँ."

"तो खा ले. मेरे सामने. नहीं तो यह ऐसे ही रह जाएगा."

तो मासा नुसता चावता येत नाही, आधी ठेचावा लागतो. तिथे हातोडीनं ठेचतात. बीजींच्या खोलीत वेलची कुटायचा पितळी खल होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली. तो त्यांच्या देवाच्या नैवेद्याचा होता. मग मी माशाचा तुकडा त्यांनी दिलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळला आणि त्या नव्याकोऱ्या बुटाच्या टाचेनं जमिनीवर ठेचू लागले. उणे चाळीस तापमानात टिकणारा तो बूट, पहिल्यांदा काही कामाला आला. खाली फुलदाण्यांचं काम थांबलं असावं, कारण जिन्यात पावलं वाजली आणि सून दारात आली. तोंडावर ओढणी धरून म्हणाली, "बीजी, यह क्या हो रहा है? क्या बदबू है!"

"दरवाज़ा बंद कर," बीजी म्हणाल्या. "हम खाना खा रहे हैं."

दार बंद झालं. मी पहिला तंतू तोंडात घातला. आधी काहीच चव नव्हती, लाकूड चघळल्यासारखं. मग हळूहळू तोंडात सुटली, मिठाशिवायची, वाऱ्याची आणि माशाची. मला आईचं घर आठवलं, बीजींचे पाय पुसताना वाकलेले त्या आजीचे खांदे आठवले, आणि मी रडत चघळत राहिले. बीजींनी ओढणी नाकाला लावली होती, पण नजर हटवली नाही. थोड्या वेळानं त्यांनी ताटातली एक पिन्नी उचलली.

"अकेले नहीं खाते," असं म्हणून त्या खाऊ लागल्या.

मला खूप वेळ लागला. त्या मध्येच म्हणत, "धीरे. दाँत सँभाल के." एकदा विचारलं, कशी लागते. मी म्हटलं, छान आहे. त्यांचा विश्वास बसला नाही, पण बरं वाटलं असावं.

डब्यात काही उरलं नाही तेव्हा बीजी उठल्या. मोलकरणीला हाक मारली नाही. न्हाणीघरात जाऊन डबा स्वतः घासला, राखेनं, मग चिंचेनं, मग पुन्हा राखेनं. हाताचा वास घेऊन तोंड वाकडं केलं. डबा पुसून कोरडा केला आणि त्यात ताज्या पिन्न्या भरल्या, एकावर एक, कुठे फट राहू न देता. झाकण लावून माझ्या हातात दिला.

"उसकी बेटी है ना वहाँ?"

"है."

"तुम लोग इतना कुछ पहुँचाते हो, यह भी पहुँचा देना. और उसको बोलना," त्या दाराकडे जाता जाता थांबल्या, "डब्बा लौटाने की कोई जल्दी नहीं है."